झांबेझीच्या दोन काठांवर

सोमवार, लुसाका

झांबिया आणि झिम्बाब्वे यांची सगळी सरहद्द झांबेझी नदीने आखलेली आहे. १९५३ ते १९६३ या काळात उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिण ऱ्होडेशिया आणि न्यासालँड यांचे एक वसाहती संघराज्य होते. त्यातला उत्तरेकडचा भाग २४ ऑक्टोबर १९६४ रोजी झांबिया म्हणून स्वतंत्र झाला आणि दक्षिणेकडच्या भागाला झिम्बाब्वे होण्यासाठी १८ एप्रिल १९८० पर्यंत, तेही मोठ्या रक्तपातानंतर, थांबावे लागले. या दोन शेजाऱ्यांमध्ये आज नेमके कोणते संबंध आहेत, हे राजधान्यांतल्या भाषणांपेक्षा नदीकाठी अधिक स्पष्ट दिसेल असे मला वाटत होते. सप्टेंबर २०२४ मधला हा प्रवास त्यासाठीच आखला होता.

लुसाकात पोहोचताच दुष्काळाची जाणीव झाली, आणि ती आधी कानांना झाली. कैरो रोडवरच्या प्रत्येक दुकानासमोर एक लहान जनित्र घरघरत होते. झांबियाची बहुतांश वीज पाण्यापासून तयार होते आणि त्या वर्षी पाऊसच झाला नव्हता. फेब्रुवारीच्या अखेरीस झांबियाने आणि एप्रिलच्या सुरुवातीला झिम्बाब्वेने दुष्काळाला राष्ट्रीय आपत्ती घोषित केले होते. आपल्याकडे भारनियमन म्हणजे काही तासांचा अंधार. इथे उलट दिवसातले काही तास वीज येत होती आणि लोक त्या तासांभोवती आपला दिवस बेतत होते.

दुपारी मुलुंगुशी सभागृहाच्या आवारापर्यंत जाऊन आलो. सप्टेंबर १९७० मध्ये अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद भरवण्यासाठी हे सभागृह उभारले गेले आणि इंदिरा गांधी त्या परिषदेला आल्या होत्या. ऑगस्ट १९७९ मध्ये राष्ट्रकुलाच्या प्रमुखांची बैठक लुसाकातच भरली आणि ऱ्होडेशियाचा, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतल्या तेव्हाच्या गोऱ्या सरकारचा, प्रश्न लंडनच्या लँकेस्टर हाऊस वाटाघाटींकडे वळला. झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्याची वाट या शहरातून गेली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. झांबियाचे पहिले अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या अनेक मुक्तिसंघटनांना लुसाकात आश्रय दिला आणि त्याची किंमत त्यांच्या देशाने मोजली. ऑक्टोबर १९७८ मध्ये ऱ्होडेशियाच्या विमानांनी लुसाकाच्या सीमेवरच्या छावणीवर बॉम्ब टाकले, तेव्हा झांबियाचे हवाई दल काहीही करू शकले नाही.

मात्र या आश्रयाच्या इतिहासात एक गाठ आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे संबंध उलगडत नाहीत. ऱ्होडेशियाच्या मुक्तिलढ्यात झापू आणि झानू असे दोन प्रतिस्पर्धी पक्ष होते आणि कौंडा यांचा कल जोशुआ एन्कोमो यांच्या झापूकडे होता. १८ मार्च १९७५ रोजी झानू पक्षाचे अध्यक्ष हर्बर्ट चिटेपो यांचा लुसाकातल्या त्यांच्या घरी मोटारीतल्या बॉम्बने मृत्यू झाला. त्यानंतर झांबियाने झानूच्याच अनेक नेत्यांना व सैनिकांना तुरुंगात टाकले, आणि त्या पक्षाचे केंद्र मोझांबिककडे सरकले. १९८० ची निवडणूक जिंकली ती रॉबर्ट मुगाबे यांच्या झानूने. म्हणजे ज्या शेजाऱ्याने स्वातंत्र्यलढ्यासाठी सर्वाधिक सोसले, त्याचा विश्वासू सहकारी सत्तेवर आलाच नाही. दोन्ही देशांचे नेते एकमेकांना बंधू म्हणत राहिले तरी त्या संबोधनाखाली हा अवघडलेपणा बराच काळ होता, असे माझे मत आहे.

मंगळवार, लुसितू आणि सियावोंगा

लुसाकाहून दक्षिणेला निघालेला महामार्ग काफुए ओलांडून डोंगरउतारावर येतो आणि वळणे घेत झांबेझीच्या खोऱ्यात उतरतो. उतार संपता संपता हवा बदलते. पठारावरचा सुखद वारा जाऊन कोरडा उष्मा अंगावर येतो. चिरुंडूच्या थोडे अलीकडे सियावोंगाचा फाटा फुटतो आणि लुसितूचा परिसर लागतो.

झांबेझीवरच्या करिबा धरणासाठी तिच्याच ग्वेंबे खोऱ्यातले टोंगा या स्थानिक समाजाचे सुमारे ५७,००० लोक उठवले गेले. नदीच्या दोन्ही काठांवर त्यांची गावे होती, नातीगोती पाण्यापलीकडे जुळलेली होती आणि पूर ओसरल्यावर उरलेल्या गाळाच्या जमिनीत ते वर्षातून दोनदा पीक घेत होते. त्यांच्यापैकी काही हजार लोकांना शंभरहून अधिक किलोमीटर दूर, या लुसितूच्या कोरड्या माळावर आणून सोडले. सप्टेंबर १९५८ मध्ये चिसोमो गावाने हलण्यास नकार दिला, तेव्हा वसाहती पोलिसांच्या गोळीबारात आठ टोंगा माणसे मारली गेली. जलाशय भरत असताना अडकलेल्या हजारो वन्यप्राण्यांना वाचवण्याची ‘ऑपरेशन नोहा’ ही मोहीम जगभर गाजली. या आठ माणसांची नावे मात्र लुसितूच्या बाहेर फारशा कोणाला ठाऊक नाहीत.

रस्त्याच्या कडेला एका झाडाच्या सावलीत बसलेल्या वृद्ध गृहस्थांशी माझ्या चालकाच्या मदतीने बोललो. त्यांच्या आत्याचे कुटुंब दक्षिण काठावरून बिंगाकडे हलवले गेले आणि त्यानंतर दोन्ही घरांची भेट झाली ती लग्नाला नव्हे, तर केवळ एका मृत्यूच्या निमित्ताने. जलाशय आल्यावर होडीने पार होणारी नदी समुद्रासारखी रुंद झाली आणि मग तिच्यावर पारपत्र लागू झाले. आमच्या डोक्यावरून उच्च दाबाच्या तारा गेल्या होत्या. त्यांच्या घरात वीज नव्हती, आणि ती दुष्काळामुळे गेलेली नव्हती.

कोयनेच्या आणि उजनीच्या काठी असे बोलणे मी पूर्वी ऐकले आहे. म्हणूनच या दोन देशांच्या सहकार्याविषयी जे चांगले पुढे लिहिणार आहे, त्याआधी हे लिहिणे मला आवश्यक वाटले.

बुधवार, करिबा

सियावोंगा हे जलाशयाकाठचे लहान, उन्हात पसरलेले गाव आहे. तिथून काही किलोमीटरवर धरण, आणि धरणाच्या भिंतीवरचा रस्ता हाच इथे दोन देशांना जोडणारा मार्ग. झांबियाच्या चौकीवर शिक्का घेऊन मी भिंतीवर चालू लागलो.

१२८ मीटर उंचीचे हे दुहेरी वक्रतेचे कमानी धरण फ्रेंच अभियंता आंद्रे कॉयन यांनी आखले आणि इटालियन कंत्राटदारांनी १९५५ ते १९५९ या काळात बांधले. भिंत दोन्ही कड्यांना खांदे लावून पाण्याचा रेटा खडकात उतरवते. मागे २८० किलोमीटर लांबीचा जलाशय आहे. त्याची एकूण क्षमता सुमारे १८० अब्ज घनमीटर, आपल्या हिशेबात ६,३०० टीएमसीहून अधिक. १०५ टीएमसीची कोयना त्यात साठ वेळा मावेल. कोयनेची आठवण आणखी एका कारणाने येते. जलाशय भरल्यानंतर १९६३ मध्ये करिबाच्या परिसरात ६ हून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला, आणि डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप झाल्यापासून जलाशयप्रेरित भूकंपांच्या अभ्यासात ही दोन नावे नेहमी शेजारी लिहिली जातात.

त्या दिवशी मात्र पाणी फार खाली होते. काठच्या खडकांवर जुन्या पातळीचा फिकट पट्टा उंच दिसत होता. जलाशयाची चालू शकणारी पातळी ४७५.५० मीटरपासून ४८८.५० मीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम १३ मीटरांच्या थरात दोन देशांची वीज सामावलेली आहे. त्याखालचे प्रचंड पाणी जनित्रांच्या उपयोगाचे नाही. हा थर संपत आला की दोन्ही राजधान्यांत अंधार होतो.

या १३ मीटरांची वाटणी कशी होते, हे माझ्या प्रवासाचे खरे कुतूहल होते. पहिले वीजगृह दक्षिण काठावर, आजच्या झिम्बाब्वेच्या बाजूला झाले. उत्तरेकडच्या पुढाऱ्यांना काफुए नदीवरचा प्रकल्प हवा होता, पण संघराज्याने १९५५ मध्ये करिबाची निवड केली आणि जागतिक बँकेने ८ कोटी डॉलरचे, तोपर्यंतचे आपले सर्वांत मोठे, कर्ज दिले. परिणाम असा झाला की स्वतंत्र झांबियाच्या तांब्याच्या खाणी ज्या विजेवर चालत होत्या, तिची कळ नदीपलीकडे राहिली. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी दक्षिण ऱ्होडेशियातल्या इयन स्मिथ यांच्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले, तेव्हा कौंडा यांना पहिली धास्ती करिबाची होती. ब्रिटनने तिथे सैन्य पाठवावे असा त्यांचा आग्रह होता, पण आली ती केवळ काही लढाऊ विमाने, तीही झांबियाच्या विमानतळांवर.

आणि तरीही कळ बंद झाली नाही. संघराज्य मोडताना १९६३ मध्ये स्थापलेले सामायिक वीज महामंडळ दोन्ही सरकारांच्या मालकीचे होते आणि ते युद्धाच्या सगळ्या वर्षांत चालू राहिले. सीमा बंद, रेल्वे बंद, वरून बॉम्ब पडत असताना खाणींना करिबाची वीज जात होती. दोघांनाही एकमेकांची गरज होती, हे त्याचे साधे कारण. तरीही दोन शत्रूंनी एक ताळेबंद वर्षानुवर्षे एकत्र मांडावा, ही मला त्या काळातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. झांबियाने दरम्यान उत्तर काठावर डोंगर पोखरून स्वतःचे भूमिगत वीजगृह उभे केले आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते चालू झाले.

झिम्बाब्वे स्वतंत्र झाल्यावर १९८७ मध्ये दोन्ही संसदांनी एकसारखे कायदे करून झांबेझी नदी प्राधिकरण स्थापले. त्याच्या वर दोन्ही देशांचे ऊर्जामंत्री आणि अर्थमंत्री अशा चौघांची मंत्रिपरिषद आहे. मुख्यालय लुसाकात आहे. धरण आणि पाणी प्राधिकरणाचे, वीजगृहे मात्र ज्या त्या देशाची. प्राधिकरण नदीचा येवा पाहून वर्षाचे पाणी ठरवते आणि ते निम्मे-निम्मे वाटते. तत्त्व सोपे आहे. पाळणे कठीण आहे. उत्तरेला १,०८० आणि दक्षिणेला १,०५० मेगावॅट क्षमता उभी राहिली, जनित्रे वाढली आणि पाणी तेवढेच राहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिणेकडच्या वीजगृहाने आपला वर्षाचा २२.५ अब्ज घनमीटरांचा वाटा ओलांडला आणि वापरण्यायोग्य साठा ५ टक्क्यांच्याही खाली गेला, तेव्हा प्राधिकरणाने झिम्बाब्वेच्या कंपनीला जानेवारीपर्यंत वीजनिर्मिती थांबवण्यास लेखी कळवले. झिम्बाब्वेत त्या वेळी आधीच तासन्‌तास वीज नव्हती. एका देशाच्या सरकारी कंपनीला दोन देशांच्या संस्थेने असे पत्र लिहावे, त्यावर चिडचिड व्हावी, चर्चा व्हावी आणि तरीही प्राधिकरण मोडू नये, याला मी राजनैतिक संबंध म्हणतो. कृष्णा आणि कावेरीच्या लवादांची वर्षे मोजलेल्या माणसाला या पत्राचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

भिंतीच्या मध्यावर उभे राहून खाली पाहिले, तेव्हा दुरुस्तीचे काम दिसले. सांडव्याच्या सहा दरवाजांतून कोसळणाऱ्या पाण्याने पायथ्याशी नदीचा तळ सुमारे ८० मीटर खोल खणून काढला आणि तो खड्डा भिंतीच्या पायाकडे सरकण्याची भीती निर्माण झाली. तो खड्डा कापून त्याला नवा आकार देणे आणि दरवाजे दुरुस्त करणे, असे हे सुमारे २९.४ कोटी डॉलरचे काम २०१७ मध्ये सुरू झाले; युरोपीय संघ, जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक आणि स्वीडन यांनी त्याला पैसा दिला. धरण फुटले तर तो पूर खालच्या मोझांबिकमधल्या काहोरा बासापर्यंत जाईल, त्यामुळे या कामाशी तिसऱ्या देशाचाही जीव बांधलेला आहे.

पलीकडे झिम्बाब्वेच्या करिबा गावात, उंच टेकडीवर, इटालियन कामगारांनी बांधलेले संत बार्बराचे गोलाकार चर्च आहे. बांधकामात दगावलेल्या ८६ जणांची नावे तिथे कोरली आहेत, इटालियन आणि आफ्रिकन शेजारी-शेजारी. मी ती सगळी वाचली.

गुरुवार, चिरुंडू

करिबाहून माकुटीमार्गे, हत्तींच्या जंगलातून उतरणारा रस्ता पुन्हा नदीवर येतो तो चिरुंडूला. दक्षिण आफ्रिकेतले डर्बनचे बंदर आणि झांबिया-काँगोचा ताम्रपट्टा यांना जोडणाऱ्या मार्गावरचे हे नाके. ट्रकांची रांग गावाच्या बाहेरपर्यंत होती. नदीवर दोन पूल आहेत, १९३९ चा झुलता ऑटो बीट पूल आणि त्याच्या शेजारी २००२ मध्ये जपानच्या मदतीने झालेला नवा पूल.

पूर्वी प्रत्येक ट्रक दोनदा थांबे, एकदा या देशातून बाहेर पडताना आणि एकदा त्या देशात शिरताना, आणि या दोन थांब्यांत दिवस जात. ५ डिसेंबर २००९ रोजी इथे आफ्रिकेतले पहिले एकथांबा सीमानाके सुरू झाले. उत्तरेकडे जाणाऱ्याचे दोन्ही देशांचे सोपस्कार झांबियाच्या आवारात आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याचे झिम्बाब्वेच्या आवारात होतात. ऐकायला ही व्यवस्था किरकोळ वाटते. परंतु झिम्बाब्वेच्या अधिकाऱ्याने झांबियाच्या भूमीवर झिम्बाब्वेचा कायदा लागू करणे हा सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे. त्यासाठी झिम्बाब्वेला २००७ मध्ये आणि झांबियाला २००९ मध्ये स्वतंत्र कायदे करावे लागले. माझ्या पारपत्रावर झिम्बाब्वेतून बाहेर पडल्याचा शिक्का झांबियात बसला.

हे काम कोणत्या वर्षांत झाले तेही पाहावे. मार्च २००७ मध्ये झांबियाचे अध्यक्ष लेव्ही म्वानावासा यांनी झिम्बाब्वेची तुलना बुडणाऱ्या टायटॅनिकशी केली होती. एप्रिल २००८ मध्ये झिम्बाब्वेच्या रखडलेल्या निवडणूक निकालावर त्यांनी लुसाकात प्रादेशिक नेत्यांची तातडीची बैठक बोलावली आणि मुगाबे तिला आले नाहीत. त्याच दिवसांत दोन्हीकडचे सीमाशुल्क अधिकारी एका छताखाली टेबले कशी मांडायची, हे ठरवत होते.

शुक्रवार, चोमा

लुसाकाहून लिव्हिंगस्टनच्या बसने चोमाला उतरलो, ते केवळ तिथल्या संग्रहालयासाठी. टोंगांच्या टोपल्या, मण्यांचे काम आणि ढोल यांचा हा लहान पण मन लावून जपलेला संग्रह आहे. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर या अभ्यासकांनी १९५६ पासून, म्हणजे विस्थापनाच्या आधीपासून, ग्वेंबे टोंगांचा माग ठेवला. धरणग्रस्तांचा इतका दीर्घ अभ्यास क्वचितच कुठे झाला असेल. सरदार सरोवराच्या पुनर्वसनाची पाहणी करण्यासाठी जागतिक बँकेने १९८३ मध्ये याच स्कडर यांना पाठवले होते. नंदुरबारच्या नर्मदाकाठच्या गावांबद्दल पुढे जे प्रश्न विचारले गेले, त्यांतले काही आधी इथे, झांबेझीकाठी, विचारून झाले होते.

शनिवार, लिव्हिंगस्टन

सप्टेंबरमध्ये मोसी-ओआ-तुन्याची, म्हणजे व्हिक्टोरिया धबधब्याची, झांबियाकडची बाजू बरीचशी उघडी पडते आणि पाणी झिम्बाब्वेकडे झुकलेले असते. १,७०८ मीटर रुंदीचा हा एकच कडा. १९८९ मध्ये दोन्ही देशांच्या नावे तो जागतिक वारशात नोंदला गेला. ऑगस्ट २०१३ मध्ये लिव्हिंगस्टन आणि व्हिक्टोरिया फॉल्स या दोन गावांनी मिळून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेची महासभा भरवली आणि पुढच्या वर्षी दोन्ही देशांसाठी एक सामायिक व्हिसा सुरू झाला. पर्यटकांना त्याचे अप्रूप असेल, मला पुलाचे अधिक होते.

१९०५ चा हा पोलादी कमानी पूल १२८ मीटर खोल दरीवर उभा आहे. जानेवारी १९७३ मध्ये स्मिथ यांनी सीमा बंद केली. काही आठवड्यांत त्यांनी ती उघडण्याची तयारी दाखवली, तर कौंडा यांनी आपल्या बाजूने ती बंदच ठेवली. तोपर्यंत चीनच्या मदतीने दार-ए-सलामकडे जाणारी १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे बांधली जात होती आणि झांबियाला दक्षिणेची वाट नको होती. पण २६ ऑगस्ट १९७५ रोजी याच बंद पुलावर, दक्षिण आफ्रिकेहून आणलेल्या रेल्वेच्या डब्यात, कौंडा, दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर, स्मिथ आणि मुक्तिसंघटनांचे नेते समोरासमोर बसले. डबा अशा बेताने उभा केला होता की स्मिथ ऱ्होडेशियाच्या हद्दीत आणि राष्ट्रवादी नेते झांबियाच्या हद्दीत बसावेत. दिवसभरात काहीच निष्पन्न झाले नाही. अपयशी म्हणून या बैठकीची दोन ओळींत बोळवण होते. मला मात्र कौंडा यांचे ते धाडस मोठे वाटते, कारण आपल्याच आश्रितांचा रोष पत्करून ते तिथे बसले होते.

आजही ताण संपलेला नाही. ऑगस्ट २०२३ च्या झिम्बाब्वेच्या निवडणुकीसाठी प्रादेशिक संघटनेच्या निरीक्षकांचे नेतृत्व झांबियाचे माजी उपाध्यक्ष नेव्हर्स मुम्बा यांच्याकडे होते. त्यांच्या अहवालाने निवडणुकीतल्या उणिवा स्पष्ट मांडल्या आणि हरारेत संताप उसळला. जून २०२४ मध्ये झिम्बाब्वेचे अध्यक्ष म्नांगाग्वा यांनी रशियात पुतिन यांच्यासमोर अमेरिका झांबियात बळ वाढवत असल्याची तक्रार केली आणि झांबियाने जाहीर नाराजी नोंदवली. म्नांगाग्वा यांचे बालपण झांबियात गेले आणि कायद्याचे शिक्षणही तिथेच झाले, हे लुसाकात मला ज्याने त्याने सांगितले, आणि सांगताना प्रत्येकाच्या स्वरात दुखावलेपण होते.

रविवार, काझुंगुला

लिव्हिंगस्टनहून पश्चिमेला तासाभरावर काझुंगुला आहे. इथे चार देशांच्या सीमा जवळजवळ एकत्र येतात आणि झांबिया व बोत्स्वाना यांना जोडणारा तुकडा काहीशे मीटरांचाही नाही. १० मे २०२१ रोजी उघडलेला ९२३ मीटरांचा पूल नदीवर ठळक वळण घेतो, कारण सरळ गेला असता तर तो झिम्बाब्वेच्या हद्दीत शिरला असता. प्रकल्पाच्या उभारणीत झिम्बाब्वे नव्हता. पूल होऊन ट्रक बोत्स्वानामार्गे वळू लागण्याची चिन्हे दिसल्यावर त्याने सहभागाची इच्छा दाखवली. इथेही झांबिया आणि बोत्स्वाना यांचे नाके एकथांबा आहे, चिरुंडूच्याच धर्तीवर.

धबधब्याच्या सुमारे ५४ किलोमीटर खाली, बाटोका घळीत, २,४०० मेगावॅटचे नवे धरण बांधण्याची योजना झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्यात अनेक दशके चालली आहे; त्याचे कामही झांबेझी नदी प्राधिकरणाकडेच आहे. २०२३ मध्ये आधीचे कंत्राट रद्द करून पुन्हा निविदा काढण्याचे ठरले. नदीत पाणी नसताना आणखी एक धरण कशासाठी, हा प्रश्न लुसाकातल्या एका तरुण अभियंत्याने मला विचारला होता, आणि तो रास्त आहे. माझा प्रश्न त्याला जोडून आहे. प्राधिकरणाच्या मंत्रिपरिषदेत ऊर्जा आहे, अर्थ आहे. दोन्ही काठांवरच्या टोंगांसाठी खुर्ची नाही. बाटोकाचा नवा करार लिहिला जाईल तेव्हा ती ठेवणे दोन्ही सरकारांच्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही बँकेच्या कर्जाची गरज नाही.